बरणीतला वास

जिना उतरताना तिने सवयीने कठड्यावर हात टेकला, आणि खाली पोचली तेव्हा उजवा तळवा हिरवागार झाला होता. आधी तिला काही उमजलंच नाही. भाजी चिरताना काही लागलं की काय, असं खुळ्यासारखं मनात आलं. मग दिसलं, सबंध कठडा ओला चकाकत होता आणि तळमजल्यावर रंगारी डब्यात ब्रश बुचकळत बसला होता. "अहो ताई, काय हे!" तो म्हणाला. "पाटी लावायची राहिली माझी, कबूल. पण वासानेच कळतं की माणसाला! सकाळपासून चारही मजले घमघमतायत." तिच्या मागून उतरणारी शेजारीण नाकाला ओढणी लावून, अंग चोरून भिंतीकडेने येत होती. "डोकं उठलंय बाई माझं या वासाने," शेजारीण म्हणाली आणि निघून गेली. रंगाऱ्याने टर्पेंटाइनची चिंधी पुढे केली. तळवा पुसता पुसता, कोणी बघत नाहीसं पाहून, तिने चिंधी नाकाशी नेली. डोळ्यांत टचकन पाणी आलं, नाकाच्या आत मुंगी चावल्यासारखं झालं. वास मात्र आला नाही. तिने चिंधी नाकाला टेकवून छातीभर श्वास ओढला. "अहो, पिताय की काय!" रंगारी हसला. तिनेही हसून दाखवलं. मग चिंधी परत देऊन ती बस गाठायला निघाली.

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, नाक चोंदलंय, वाफ घेऊ, होईल बरं. पण हिचं पोटच नाकावर चालत होतं. शहराबाहेरच्या ज्या कारखान्यात ती कामाला होती, तिथे माल यायचा तो भंगारवालेसुद्धा हातात धरणार नाहीत असला. बिस्किटांचे चकचकीत पुडे, शॅम्पूच्या पुड्या, गोळ्यांची वेष्टनं, आतून चंदेरी, बाहेरून रंगीत, चार-चार थर एकमेकांना चिकटून बसलेले. ते थर गरम पाण्यात आणि सोड्यात सोडवायचे, धुवायचे, त्यांचा चुरा करायचा, चुरा वितळवून धागा काढायचा आणि धाग्याचं कापड विणायचं. कापड असं मऊसूत निघे की बघायला आलेल्या पाहुण्यांचा विश्वासच बसत नसे. या सगळ्याला यंत्रं होती. पण चुरा वितळवण्याआधीचं एक काम माणसाचं होतं. प्रत्येक ढिगातला मूठभर चुरा काचेच्या बरणीत घालायचा, बरणी साठ अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये ठेवायची, मग बाहेर काढून झाकण बोटभर सरकवायचं आणि हुंगायचं. एक ते सहा गुण. एक म्हणजे वासच नाही. तीनपर्यंत ढीग पुढे जायचा. चार किंवा त्याहून जास्त गुण पडले की अख्खा ढीग बाजूला, आणि नमुना दुसऱ्या शहरातल्या मोठ्या यंत्राकडे, हा वास आहे तरी कशाचा ते ठरवायला. कधीकधी गठ्ठ्यांतून फवारणीच्या औषधाच्या पिशव्या येत, उंदराच्या विषाच्या येत. प्लास्टिकात ते मुरलेलं असतं, कितीही धुतलं तरी हटत नाही. त्या मोठ्या यंत्राला काय बघायचं ते इथे बसून ही सांगायची. अकरा वर्षं सांगत होती, आणि एकदाही चुकली नव्हती.

घरही त्या नाकाच्या हिशेबाने चालत आलं होतं. केसाला तेल नाही, तोंडाला पावडर नाही. कांदा-लसूण फक्त शनिवारी संध्याकाळी, म्हणजे रविवार मध्ये जातो आणि सोमवारी नाक कोरं. मुलगी कॉलेजात असताना तिने अत्तराची बाटली आणली, ती खालच्या मीटरच्या पेटीत लपवून ठेवायची आणि जाता-येता लावायची. हिला ती तिसऱ्या मजल्यावरून कळायची. "आमच्याकडे कुत्रा पाळायची गरज नाही," नवरा पाहुण्यांना सांगायचा, आणि हीच सगळ्यांच्या आधी हसायची. मनातून फुशारत असायची, खोटं कशाला बोला. कारखान्यात तिला नाकवाली म्हणत. आधी ती पट्ट्यावर कचरा निवडणारी चाळीसातली एक होती, तोंडाला फडकं बांधलेली. एके दिवशी तिने अचानक लाल बटण दाबून पट्टा थांबवला आणि म्हणाली, यात काहीतरी वाईट आहे. सगळे हसले. गठ्ठा फोडला तर मधोमध विषाच्या दोन रिकाम्या पिशव्या निघाल्या. दुसऱ्या दिवसापासून तिला काचेच्या खोलीत खुर्ची मिळाली, पांढरा कोट मिळाला, आणि साहेब नावापुढे ताई लावायला लागले.

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली. शेजारी एक जाडा माणूस घामाने निथळत बसला होता, पुढच्या बाकावर कोणी संत्रं सोलत होतं, बाजूने कचऱ्याची गाडी गेली. हे सगळं तिला दिसत होतं. दिसत होतं आणि येत नव्हतं. जाड काच मध्ये घातल्यासारखा सगळा गाव पलीकडे चालला होता. इतके दिवस हे आपल्याला कळलं कसं नाही? स्वतःच्या अंगाला कसला वास येतोय ते तरी कुठे ठाऊक आहे आपल्याला? तिने हळूच खांदा वळवून ब्लाउजची बाही हुंगली, आणि शेजारचा माणूस उगाच सरकून बसला. कधीपासून हे? ती मागे मागे मोजत गेली. काल? काल चहाला वास होता का? होता. नव्हता. चहा गरम होता एवढंच आठवत होतं. तीन आठवड्यांपूर्वी सर्दी झाली होती, दोन दिवस अंगात कणकण होती, तेव्हा सुट्टी काढली होती. नाक मोकळं झालं म्हणून ती कामावर आली. मोकळं झालं म्हणजे श्वास जायला लागला. श्वास जातो म्हणजे वास येतो असंच तिने धरलं होतं, आणि अकरा वर्षांत धरायची वेळ आली नव्हती. तेव्हापासून एकवीस दिवस झाले होते. दिवसाला सहा-सात बरण्या.

मग त्या एकवीस दिवसांत गुण कसे दिले आपण? रोज तिने झाकण सरकवलं होतं, डोळे मिटले होते, हुंगलं होतं, आणि वहीत आकडा लिहिला होता. दोन. दोन. तीन. दोन. लिहिताना हात अडखळला नव्हता. पांढरा चुरा बघितला की तिला वाटायचं साबण, पिवळसर बघितला की शिळं तेल, आणि तसं वाटलं की तसं आलंच. हे नाकाने केलं नव्हतं, डोळ्यांनी केलं होतं. नाकाच्या जागेवर डोळे येऊन बसले होते, तिच्या खुर्चीत, तिच्या कोटात, आणि तिला पत्ता नव्हता. आपल्याच घरात कोणी परका आपल्यासारखा वावरतोय आणि घरच्यांना ओळखू येत नाहीये, तसलं काहीतरी. तिने बसच्या दांड्याला घट्ट धरलं. तळव्याच्या रेषांत हिरवा रंग अजून होता.

आणि मग ती निळसर बरणी. ती तिला आठवायचीच नव्हती, पण आठवली. कामावर आल्याच्या चौथ्या दिवशी पट्ट्यावरची लांबडी, तिच्याबरोबर पूर्वी उभी राहायची ती, काचेवर टकटक करून आत डोकावली होती. "ताई, आजच्या गठ्ठ्यांना कसला तरी उग्र दर्प मारतोय गं. माझं डोकं चढलंय. जरा बघ बरं." हिने झाकण सरकवलं, हुंगलं, आणि लांबडीकडे बघून म्हणाली, "मोठी आलीस नाकवाली! रात्री झोप घेत जा जरा." लांबडी ओशाळून हसली आणि गेली. वहीत दोन लिहिलं. चुरा छान दिसत होता, निळसर, स्वच्छ. त्याच ढिगाचं कापड तान्ह्या बाळांसाठी निघालं. कारखान्याचं हे पहिलंच तसलं काम, त्यामुळे सगळं हातघाईवर. दोन हजार झबली, मोठ्या प्रसूतिगृहाला. सोमवारपासून ती वाटली जात होती, घरी जाणाऱ्या प्रत्येक आईच्या हातात एक. आणि वाटपाच्या आधी साहेबांनी त्यातलं एक उचलून हिच्या हातात ठेवलं होतं. "ताई, हे पहिलं तुमच्या नातीला." नात दीड महिन्याची होती. पाच दिवस तेच झबलं तिच्या अंगावर होतं, कारण मऊ होतं, आणि मुलगी ते रात्री धुऊन सकाळी पुन्हा घालत होती.

लहानपणी नाकाला असंच कामाला लावलं होतं. बाप संध्याकाळी घरी आला की आई डोळ्याने खूण करायची, आणि ही धावत जाऊन बापाच्या कमरेला मिठी मारायची. बाप खूश व्हायचा. ही शर्टात तोंड खुपसून हुंगायची आणि आईकडे बघून मान हलवायची, होय किंवा नाही. होय म्हटलं की त्या संध्याकाळी धाकटा भाऊ बापाजवळ द्यायचा नाही, सायकलची किल्ली लपवायची. बापाला कधी कळलं नाही. एके दिवशी त्याने हिच्या डोक्यावर हात फिरवून म्हटलं, माझी पोरगीच तेवढी येते बघ जवळ, आणि हिला असं काही भडभडून आलं की शर्टाला येत होता तो दारूचा वास तिने गिळून टाकला. मान नाही म्हणून हलवली. बाप भावाला सायकलवर पुढे बसवून फिरवायला घेऊन गेला. भावाचा डावा हात कोपरात अजून सरळ होत नाही. त्यानंतर आईने पुन्हा कधी डोळ्याने खूण केली नाही. तेव्हा वास आला होता आणि ती नाही म्हणाली होती. आता आलाच नव्हता, आणि तरी तिने नाहीच म्हटलं होतं. यातलं वाईट कुठलं, हे तिला बसमध्ये ठरवता येईना.

काचेच्या खोलीत सहा बरण्या ओव्हनमधून काढून ओळीने ठेवल्या होत्या. तिने पहिलीचं झाकण सरकवलं. काही नाही. दुसरी. गरम हवा वरच्या ओठाला लागली तेवढीच. पूर्वी झाकण सरकवलं की आतलं बाहेर यायचं, कुणाच्या तरी स्वयंपाकघराचं, कुणाच्या न्हाणीघराचं, आजाऱ्याच्या उशाशी असतं तसलं. आता बरण्या नुसत्या बरण्या होत्या. तिने सहाही बरण्यांना चार गुण दिले. थोड्या वेळाने केमिस्ट आला, चष्मा कपाळावर चढवलेला, हातात पेन उघडून धरलेलं. नियम असा होता की प्रत्येक बरणी दोघांनी हुंगायची आणि दोघांनी सही करायची. पहिलं वर्षभर तो हुंगायचा. मग त्याच्या लक्षात आलं की तो काहीही म्हणो, खरी ताईच निघते. तेव्हापासून तो फक्त सही करायचा, आणि तिलाही त्यात मान वाटायचा. आज त्याने वही बघितली आणि पेन थांबलं.

"सहाच्या सहा? ताई, आज काय कत्तल काढलीय का? हे सगळे ढीग अडकले तर उद्या धागा कशाचा काढायचा?"

"मला बरा नाही वाटत वास."

"कसला आहे?"

अकरा वर्षांत तिने कधी नुसता आकडा दिला नव्हता, कुजकी बटाट्याची गोणी, ओली चप्पल, असं काहीतरी ती सांगायचीच. "तूच बघ ना," ती म्हणाली, आणि स्वतःच्या आवाजातली अजिजी तिची तिलाच ऐकू आली. केमिस्टने वाकून एक बरणी हुंगली, मग दुसरी. "मला तर चांगल्या वाटतायत. पण तुम्ही म्हणताय म्हणजे असेल." आणि त्याने सही केली. सहाही ओळींवर. हा माणूस स्वतःच्या नाकाला येतंय ते सोडून आपल्या नाकाला येत नाही त्यावर सही करतोय. निळसर बरणीच्या दिवशीही केलीच असेल. आत्ता सांगावं, आत्ताच, तो दारापर्यंत जाईपर्यंत. ओठ उघडले होते. पण सांगितलं की कोट गेला, खुर्ची गेली, ताई गेली. या वयात पुन्हा पट्ट्यावर कोण उभं करणार? दुसरं येतंय काय आपल्याला? आणि कदाचित त्या बरणीत काही नसेलही. लांबडीचं डोकं काय, रोजच चढतं. केमिस्ट दार लोटून गेला.

जेवणाच्या सुट्टीत मुलीचा फोन आला, नेहमीसारखाच, झोपमोड झालेल्या आवाजातला. बाळ दूध नीट पीत नाहीये. पाठीवर लाल पुरळ आलंय, काल दोन-चार ठिपके होते, आज जास्त आहेत. उकाड्याने येतं असं शेजारच्या काकू म्हणाल्या. "तुला काय वाटतं गं आई?"

"अंगात काय आहे तिच्या?"

"म्हणजे? तुझंच झबलं. मऊ आहे ना, त्यातच शांत राहते."

तिने काय उत्तर दिलं ते तिला नंतर आठवलं नाही. कोट खुंटीला लावला, अर्ध्या दिवसाच्या चिठ्ठीवर डोकेदुखी लिहिलं आणि बाहेर पडली. फाटकाजवळ लांबडी डबा धुवत होती. "काय गं, एवढ्यात?" म्हणाली. हिने मान खाली घातली. लांबडीला विचारता आलं असतं, तो दर्प नक्की कसा होता, आंबूस की गोडसर, घशाला लागत होता का. विषाचा गोडसर असतो आणि घशाला लागतो. विचारलं तर कळेल, म्हणून तिने विचारलं नाही.

मुलीचं घर दोन बस बदलून होतं. पहिल्या बसमध्ये ती देवाला म्हणत होती, पुरळ उकाड्याचं असू दे. दुसऱ्या बसमध्ये एक बाई कडेवर तान्हं मूल घेऊन चढली आणि हिचे डोळे त्या मुलाच्या कपड्यावर खिळले. पिवळा होता, झबल्यासारखा नव्हता. हिला हायसं वाटलं, आणि वाटल्याबरोबर शरम वाटली. पुढच्या थांब्यावर आणखी एक बाळ. रस्त्यावर, दुकानांपुढे, औषधाच्या दुकानाच्या पायरीवर, एवढी तान्ही मुलं या शहरात कुठून आली होती? ती प्रत्येकाकडे बघत राहिली. अंग गरम असतं बाळांचं. बरणी साठ अंशांवर तापवावी लागते हे खरं, पण बाळाच्या पाठीला ते कापड दिवसभर चिकटलेलं असतं, घामाने ओलं होतं, आणि बाळ त्याची कड धरून तोंडात घालतं. नात घालते. तिने आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं आणि कौतुकाने फोटो काढला होता.

दार उघडल्याबरोबर ती चपला न काढता आत गेली. बाळ पलंगावर जागं होतं, पाय उडवत होतं. तिने झबल्याच्या गाठी सोडायला घेतल्या, त्या सुटेनात. "अगं, हळू! काय चाललंय तुझं?" मुलगी म्हणाली. तिने एक गाठ ओढून तोडलीच. पाठ लाल होती, बारीक बारीक पुरळ, मानेखाली जास्त. बाळाने भोकाड पसरलं. मुलीने झपकन बाळ उचललं, आपल्या जुन्या सुती ओढणीत गुंडाळलं आणि आईच्या हातातलं झबलं ओढून घेतलं. हुंगलं. "साबणाचा वास येतोय. आई, बोल काहीतरी, मला भीती वाटतेय."

तेव्हा ती पलंगाच्या कडेवर बसली आणि बोलली. जिन्यापासून नाही, त्या निळसर बरणीपासून सुरुवात केली, मग मागे गेली, मग पुढे आली. सांगताना तिला वाटत होतं, मुलगी रडेल, ओरडेल, निदान अत्तराच्या बाटलीवरून टोमणा तरी मारेल. मुलगी उभ्या उभ्या बाळाला थोपटत ऐकत होती. बाळ हळूहळू गप्प झालं.

"म्हणजे विष आहेच असं नाही," शेवटी मुलगी म्हणाली.

"नाही. असेलच असं नाही."

"आणि नाही असंही नाही."

"नाही."

"मी हिला दवाखान्यात नेते. आत्ताच." मुलीने बाळाची पिशवी ओढली, त्यात लंगोट कोंबले, आणि मध्येच थांबली. "अशी झबली किती आहेत म्हणालीस?"

"दोन हजार."

"सोमवारपासून वाटतायत?"

"हो."

मुलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "तुला सकाळी कळलं. आठला. आता तीन वाजत आलेत." आवाज चढला नव्हता, उलट बाळ पुन्हा रडू नये म्हणून ती हळूच बोलत होती. "आज सकाळपासून किती बायका घरी गेल्या असतील गं, झबलं घेऊन? आणि तू आधी बरण्यांवर आकडे लिहिलेस, आणि मग इथे आलीस."

"माझी नोकरी जाईल," ती म्हणाली. म्हणायचं हे नव्हतं, पण निघालं हेच. "तुझी पोर माझ्या हातांनी... मला फार भीती वाटली. माझ्याकडे दुसरं काही नाही, त्या नाकाशिवाय. मी कोणीच नाही त्याच्याशिवाय."

मुलगी तिच्याजवळ आली. जवळ घेईल असं तिला वाटलं. मुलीने बाळ डाव्या खांद्यावर टाकलं, उजव्या हाताने आईच्या पर्समधून फोन काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला. "मी रिक्षा बघते. तू लाव," ती म्हणाली, आणि बाळाला घेऊन दाराबाहेर पडली. दार उघडंच राहिलं. जिन्यावर तिच्या सपातांचा आवाज खाली खाली गेला.

फोन तीनदा वाजला. तिला वाटलं, उचलू नये कोणी. चौथ्यांदा उचलला.

"बोला ताई! शंभर वर्षं आयुष्य तुम्हाला, आत्ता तुमचंच नाव निघालं होतं," साहेब म्हणाले. मागे कोणीतरी हसत होतं, कपबश्यांचा आवाज येत होता. "प्रसूतिगृहाची माणसं आलीयत इथे. आणखी पाच हजार मागतायत. मी म्हटलं, आमच्याकडे यंत्रं काय कोणीही घेईल, पण आमच्या ताईंसारखं नाक—"

"साहेब, वाटप थांबवा."

"काय?"

"झबल्यांचं. वाटलेली परत मागवा. सगळी. आजच्या आज."

कपबश्यांचा आवाज थांबला. साहेब बहुधा उठून बाहेर आले असावेत, कारण आवाज जवळ आला आणि खाली गेला. "ताई, हे काय बोलताय? तुमच्या वहीत त्या ढिगाला दोन गुण आहेत. केमिस्टची सही आहे. आता काय निघालं?"

"मला वास येत नाही, साहेब."

"कशाचा?"

समोर पलंगावर ते झबलं पडलं होतं, एक नाडी तुटलेलं, निळसर, स्वच्छ. तिने ते उचललं, तोंडावर दाबलं, आणि कारखान्यातल्या सगळ्या बरण्या हुंगाव्यात तसा एकच लांब श्वास घेतला.

"कशाचाच," ती म्हणाली. "एकवीस दिवस झाले."